गावचा आयटी विभाग, वय वर्षं सतरा

आमच्या बहिणीच्या गावात एक आयटी विभाग आहे. कर्मचारी एक. वय सतरा वर्षं अकरा महिने. पगार नाही, रजा नाही, खुर्चीही नाही. घराच्या ओट्यावर बसतो. साधनसामग्री म्हणजे काचेच्या एका कोपऱ्यातून कोळिष्टक पसरलेला मोबाइल आणि तो चार्ज करायला कधी असलेली, कधी नसलेली वीज. कार्यालयीन वेळ कोणी हाक मारेल ती. गाव पुसद तालुक्यातलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारच्या तीन गावांचे लोक आधार कार्ड घेऊन ओट्यासमोर उभे राहतील आणि बहीण मला दिवाळीला बोलावणार नाही.

हा विभाग म्हणजे माझा भाचा. घरात त्याला बाबू म्हणतात. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक बाबू असतो, त्यात नवल नाही. नवल हे की याचा खरोखरच बाबू झाला आहे. सरकारी. बिनपगारी.

आता गंमत ऐका. याच पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला होता, की अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद. आधी समुपदेशन, तरी ऐकलं नाही तर २०० रुपये दंड. देशभर बातमी झाली. पुसदनं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, त्यानंतर थेट हेच. कारण खोटं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. कोरोनात शाळेनंच पोरांच्या हातात मोबाइल दिला, शाळा उघडल्यावर तो परत मागायचं मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही. मधल्या काळात अभ्यास उतरून गेला आणि गेम चढून बसले.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरा उपाय काढला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. लहानांचे बंद आणि मोठ्यांचेही. हे 'मोठ्यांचेही' वाचून मी तो पेपर घरात लपवून ठेवला होता.

आणि ऑस्ट्रेलिया नावाच्या एका मागासलेल्या देशाला तर ही बुद्धी १० डिसेंबर २०२५ ला झाली. तिथं सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद. नुसती खाती, आणि तीही सोळापर्यंत. बान्सी तीन वर्षांनी पुढे, वयात दोन वर्षांनी कडक, आणि खातंबितं नाही, अख्खा मोबाइलच. यवतमाळ जिल्हा जगाच्या पुढे असल्याचे प्रसंग रोज येत नाहीत, म्हणून नोंद करून ठेवतो.

बान्सीचा ठराव झाला तेव्हा बाबूच्या गावातही पारावर चर्चा झाली होती. असा ठराव आपणही घ्यावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक म्हातारा बोलला, "थे त ठीक हाय, पन मंग माह्या केवायसीचं कसं?" चर्चा तिथंच संपली. बाबू तेव्हा चौदा वर्षांचा होता.

विभागाच्या कामाचा आवाका सांगतो. पूर्वी पिकाची नोंद करायला तलाठी बांधावर येत; निदान कागदावर तरी येत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः आपल्या शेतात उभं राहायचं, फोटो काढायचा, पीक नोंदवायचं. कल्पना उत्तम. फक्त 'शेतकऱ्यानं स्वतः' याचा आमच्या घरातला अर्थ 'बाबूनं' असा आहे. पहिल्या वर्षी त्याचे आजोबा, आबाजी, त्याच्यासोबत वावरात गेले. घरातल्या त्या जुन्या फोनचं जीपीएस असं काही भरकटलं, की पन्नास वर्षं जे वावर कसलं त्याच्या मधोमध उभे असलेले आबाजी वावराच्या बाहेर दिसायला लागले. आबाजींनी फोनला दोन शिव्या दिल्या, वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. फोन ऐकेना. बाबूनं फोन बंद करून चालू केला, मोकळ्या आभाळाखाली पाच मिनिटं धरला, आणि आबाजी पुन्हा स्वतःच्या वावरात आले. तेव्हापासून आबाजी त्याला मान देतात. मोबाइलला नाही, बाबूला.

मग एक रुपयाचा पीक विमा, तो होता तोवर. मग माझ्या बहिणीची लाडकी बहीण. २०२४ मध्ये अर्ज, २०२५ मध्ये ई-केवायसी, आणि त्यात नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारावर येणारा ओटीपी. दीड हजार रुपये महिन्याचे, ओटीपी थोड्या मिनिटांचा, आणि नवरा निंदणाच्या मजुरांमागे. गल्लीतल्या सगळ्या बहिणी ओट्यावर, आणि त्यांचा हा एकुलता एक भाऊ मधोमध. राखी मात्र एकीनंही बांधली नाही.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे कापूस. भारतीय कापूस महामंडळानं, म्हणजे सीसीआयनं, २०२५-२६ च्या हंगामासाठी 'कपास किसान' नावाचं अ‍ॅप आणलं. हमीभावानं विकायचं असेल, लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटलनं, तर आधी त्यावर नोंदणी. मग कापूस न्यायची तारीखही त्यावरच घ्यायची. यवतमाळ म्हणजे पांढऱ्या सोन्याचा जिल्हा, असं आम्ही निबंधात लिहायचो. आता ते सोनं घरातून निघतं ते सतरा वर्षांच्या पोराच्या अंगठ्यानं. मी दसऱ्याला गेलो तर ओट्यावर अकरा माणसं बसलेली. मला वाटलं, कोणी गेलं की काय.

एवढं सगळं करून हा पोरगा कागदोपत्री कुठंच नाही. अठरा पूर्ण झाल्याशिवाय नावावर सिम मिळत नाही, म्हणून सिम बापाच्या नावावर. फोन मामाच्या नावावर, म्हणजे माझ्या; हप्ते अजून चालू आहेत. पैसे पाठवायचं खातं मायच्या नावावर. शेताच्या नोंदी आबाजींच्या नावावर. उद्या कोणी चौकशी केली तर सिद्ध होईल की आबाजी रात्री दोनला प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ पाहतात.

सरकार मुलांची काळजी घेत नाही असं कोणी म्हणू नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे, की अठराखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी. फार चांगलं कलम आहे. मी ते बाबूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, बाबाची संमती लागन त सांगा, मीच देऊन टाकतो. बाबाचा पासवर्ड मायाकडंच हाय."

तर असा हा विभाग. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या कार्यालयीन वेळेनंतरचं.

रात्री दहाला घर झोपतं. दिवसाचा दीड जीबी डेटा गावाच्या कामात संपलेला असतो. नवा येतो बाराला. दहा ते बारा हा पोरगा अंधारात जागा राहतो, एकादशीच्या माणसानं फराळाची वाट पाहावी तसा. बाराला डेटा येतो आणि मग तो त्याचं स्वतःचं काम सुरू करतो. लॅपटॉप नाही. मोबाइलवरच प्रोग्रॅम लिहितो. ज्यांनी कधी मोबाइलवर चौकोनी, महिरपी आणि गोल कंस एकापाठोपाठ टंकले आहेत त्यांनाच कळेल की हे बोटानं सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. भाषेचं नाव पायथन. आजीनं विचारलं, पायथन म्हणजे काय? यानं खरं सांगितलं, अजगर. आजीनं दुसऱ्या दिवशी नागोबाला दूध ठेवलं.

मीही एकदा विचारलं. मामा म्हणून नाही, सदर लिहिणारा म्हणून. आठवड्याचा मजकूर कमी पडत होता. बाबू, तू काय बनवून रायला रे?

"गेम."

"कशाचा?"

"एसटीचा."

लाल डबा. पुसद, दिग्रस, आर्णी, यवतमाळ. मला वाटलं, गाडी चालवायची असेल, खड्डे चुकवायचे असतील. तसं नाही. तुम्ही ड्रायव्हर नाही, कंडक्टर. गाडी आपली चालते. तुम्ही तिकिटं फाडायची. बाईचं अर्धं तिकीट, कारण मार्च २०२३ पासून तसा नियम. पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट. पण समोरचा म्हातारा पंचाहत्तरचा आहे की तसा दिसतो, हे तुम्ही ठरवायचं. तो आधार कार्ड दाखवत नाही, "तुया बापाले विचार माहं वय" म्हणतो. लहान पोराचं वय माय दर स्टॉपला एकेका वर्षानं कमी सांगते. दिग्रसपर्यंत सगळे पाचशेची नोट काढतात. सुट्टे संपले की तिकिटामागे बाकी लिहून द्यायची. आणि यवतमाळच्या स्टँडवर उतरताना सगळे एकदम मागतात. जिंकणं नावाचं काही नाही. जितक्या लोकांच्या शिव्या न खाता पोहोचलात तितके तुमचे गुण.

मी गप्प बसलो. इतकी वर्षं हा पोरगा शाळेसाठी आणि शिकवणीसाठी एसटीनं येजा करत होता, आणि आम्हाला वाटत होतं की तो खिडकीशी बसून मोबाइल पाहतो.

मग माझ्या तोंडून तो प्रश्न गेलाच. "याचा फायदा काय, बाबू?"

"काही नाही. मजा येते."

आता इथं माझी पंचाईत झाली. कारण मोबाइलवाल्या पोरासाठी आपल्याकडे दोनच खोके आहेत. एकावर लिहिलंय 'वाया गेला', दुसऱ्यावर 'पॅकेज'. तिसरा खोका आपण आणलेलाच नाही.

पॅकेजचा खोका आमच्या विदर्भानं फार प्रेमानं जपला आहे. २०२२ मध्ये नागपूरच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं आईच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहून अमेरिकेतल्या एका कंपनीची स्पर्धा जिंकली. कंपनीनं वर्षाला ३३ लाखांची नोकरी देऊ केली. मग वय कळलं, आणि कंपनी म्हणाली, बाळ, आधी शाळा पूर्ण कर. मुलाचं काही बिघडलं नाही, तो शाळेत गेला. बिघडलं ते बाकीच्या पोरांचं. त्या आठवड्यात विदर्भातल्या किती घरांत जेवताना '३३ लाख' हे शब्द वाढले गेले असतील याचा हिशोब नाही. बाबू तेव्हा चौदाचा. त्याचा बाप म्हणाला, "पाह्य, थे पोरगं पाह्य." त्या मुलानं नेमकं काय लिहिलं होतं, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. त्यातले लाख तेवढे आम्हाला वाचता येत होते.

शाळेत हाच दुसरा खोका थोडा निराळा, त्यावर 'समाजोपयोगी' लिहिलेलं. इन्स्पायर-मानक नावाची केंद्राची योजना आहे. शाळकरी मुलाची कल्पना निवडली गेली तर प्रतिकृती करायला दहा हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण आठवीत बाबूनं वहीत गेमची कल्पना लिहून दिली तेव्हा सरांनी विचारलं, यानं समाजाची कोणती समस्या सुटते? बाबू बराच वेळ विचार करून म्हणाला, "सुट्ट्या पैशाची सुटत नाही सर, थे तशीच राहते." वही परत आली.

आणि वाया गेल्याच्या खोक्यातून एक पोरगा दुसऱ्या खोक्यात गेल्याचं आमच्याच भागात घडलं आहे. ते लिहिताना हात जरा जड होतो.

महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. शेख इस्माईल, गावात मुन्ना. वय २४, शिक्षण आठवीपर्यंत, काम पत्र्याचं आणि वेल्डिंगचं. त्यानं दोनेक वर्षं खपून एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. इंजिन मारुती ८०० चं. शिक्षण बरंचसं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. १५ ऑगस्ट २०२१ ला सगळ्यांना दाखवायचं होतं. त्याच्या काही दिवस आधी रात्री चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला, आणि त्याचं पातं मुन्नाच्या डोक्याला लागलं.

हेलिकॉप्टरचा वरचा मोठा पंखा एका दिशेनं फिरला की खालचं धूड उलट दिशेनं फिरू पाहतं. ते धरून ठेवायला मागं छोटा पंखा असतो. त्याचं जोडकाम, त्याची कंपनं, त्याचा तोल ही हेलिकॉप्टरची दुखरी नस. हे ज्याला कळतं असा एक माणूस त्या शेडमध्ये चहा प्यायला आला असता तर म्हणाला असता, मुन्ना, आत बसू नको, आधी जमिनीला बांध, आणि लांबून चालव. एवढंच. यवतमाळ जिल्ह्यात तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. पण आठवी शिकलेला वेल्डर कोणत्याही महाविद्यालयाच्या फाटकातून आत जाऊन "सर, माझा मागचा पंखा बरोबर आहे का हो?" असं विचारू शकतो का? फाटकावर त्याला पहिल्यांदा काय विचारलं जाईल ते तुम्हाला माहीत आहे.

मुंबईत कांदिवलीला अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या 'मेक इन इंडिया'मध्ये मांडलं, आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. कौतुक आहेच. पण ते स्वतः वैमानिक. विमानाची भाषा बोलणारी माणसं त्यांच्या ओळखीत. तरी कागद हलायला वर्षं गेली. फुलसावंगीला कागदच नव्हता. मुन्ना गेला आणि बातम्यांनी त्याला सिनेमातला रँचो केला. फोटो आले, माणसं आली. ज्यांनी दोन वर्षं 'हे काय वेड' म्हटलं तेही 'केवढी बुद्धी' म्हणू लागले. त्यातला एक मी. तेव्हा मी याच सदरात त्याच्यावर लिहिलं होतं. आधी दोन वर्षं फुलसावंगीला गेलो नव्हतो.

म्हणून बाबूला 'मजा येते' याच्यावर पुढं काही विचारलं नाही. गेम खेळायला मागितला. त्यानं फोन दिला. दिग्रसपर्यंत बरं चाललं. पुढं एका बाईनं पोराचं वय पाचाचं चार केलं, मी भिडेखातर सोडून दिलं. ते पाहून मागच्या सीटवरच्या सगळ्या बायांनी आपापल्या पोरांची वयं उतरवली. आर्णीला माझे सुट्टे संपले. यवतमाळला पोहोचेपर्यंत माझ्या नावावर एकशे चौदा शिव्या होत्या. काही शिव्या मला नव्या होत्या.

"मामा, तुमी लय भिडस्त हा," बाबू म्हणाला. माझं इतकं नेमकं परीक्षण कोणत्याही संपादकानं केलेलं नाही.

हे एवढं लिहून ठेवलं होतं, आणि मागच्या महिन्यात तो अठराचा झाला. बान्सीचा ठराव आता त्याला लागू नाही, कायद्यातलं ते सुंदर कलमही नाही, ऑस्ट्रेलिया तर कधीच मागं पडला. मी गेलो होतो. मतदार यादीत नाव घालायचा अर्ज त्यानं सकाळीच भरून टाकला, सोबत शेजारच्या दोघांचाही. मग म्हणाला, "मामा, पुसदले चला. सिम घ्याचं हाय. माह्या नावाचं."

दुकानात फोटो झाला, आधार झालं. बाबू ताठ बसला होता. पहिल्यांदाच तो कोणाचं तरी नाही, स्वतःचं काम करत होता. दुकानदार म्हणाला, घरच्या कोणाचा दुसरा नंबर सांगा, त्यावर ओटीपी येईल. बाबूनं बापाचा सांगितला. ओटीपी गेला. बाबूच्या फोनची बॅटरी नेमकी संपलेली, म्हणून दुकानदाराच्या फोनवरून त्यानं बापाला लावला. बाप वावरात.

"बाबा, ओटीपी आला असन. सांगा जरा."

तिकडून थोडा वेळ काहीच नाही. मग बाप म्हणाला, "कोन बोलून रायलं?"

"मी, बाबू."

"अनोळखी नंबराले ओटीपी सांगाचा नाही. बाबूनंच सांगतलं हाय मले."

"बाबा, मीच त हाव बाबू! आवाज नाही ओळखत का?"

"आवाज काढतेत म्हने आजकाल हुबेहूब. थेही त्यानंच सांगतलं." फोन कट.

बाबूनं फोन दुकानदाराला परत दिला आणि माझ्याकडे पाहिलं. ओटीपी दहा मिनिटांचा. वावर चार किलोमीटर. मी गाडीला किक मारली.